कुलूप एक, किल्ल्या गावभर

ईशान, रेवा,

मागच्या रविवारी फोनवर ईशान सांगत होता की त्याच्या कंपनीनं आपली पेटंटं सगळ्यांना खुली केली आहेत. कुणीही वापरा, मोबदला नको, फक्त त्यावरून आमच्यावर किंवा एकमेकांवर दावे लावू नका. "आजी, हे जरा नवीन आहे, तुला चटकन कळायचं नाही," असंही तो म्हणाला. मी काहीच बोलले नाही. तुमच्या आजोबांच्या मते आमच्या लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलं. खरं कारण इतकंच, की मला एकदम शेजारचे नाना आठवले. नानांबद्दल बोलायला लागलं की फोन संपतो पण नाना संपत नाहीत. म्हणून लिहिते आहे.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. खानदेशात दर गल्लीत एक तरी नाना असतोच, त्यातले हे आमचे. मूळ धरणगावकडचे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लोखंडी कामाचा कारखाना होता. गेटं, ग्रिलं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असं सगळं तिथे होई. आमच्या घराला लागून त्यांचं घर. अंगावर पांढरा लेंगा, वर खिशाचा शर्ट, खिशात जाडी मोजायची वर्नियरची पट्टी आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ते येण्याआधी जुडगा ऐकू यायचा. गल्लीतली मुलं त्यांना घुंगरूनाना म्हणायची, आणि ते त्यांना माहीत होतं. पट्टी तर कशालाही लागायची. माझी पुरणपोळी त्यांनी एकदा जेवायच्या आधी मोजली होती. "कडेला जाड शे, अक्का," म्हणाले. 'शे' म्हणजे 'आहे', हे तुम्हाला निदान आठवत असेल.

नानांना कुलपांचं वेड होतं. सायकलला दोन कुलपं, फ्रिजला कुलूप, वर्तमानपत्र टाकायच्या पेटीला कुलूप. मी जळगावात आले तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, मसाल्याच्या बरण्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या लावणारी अशी होते. माझ्या दृष्टीनं हा माणूस संशयी आणि कंजूष होता. मग कळलं की वर्तमानपत्राच्या पेटीच्या किल्ल्या चार घरांत आहेत आणि फ्रिजची एक किल्ली दूधवाल्याकडे. नाना घरी नसले की दूधवाला स्वतः कुलूप काढून दूध आत ठेवायचा, थंड पाणी प्यायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. आता तुम्हीच सांगा, याला कंजूष म्हणायचं की आणखी काही? मला शब्द सापडला नाही. इंग्रजीतही सापडला नाही, हे विशेष.

त्यांची यंत्रं बहुतेक फसायची. केळीचा घड अलगद खाली उतरवणारं एक यंत्र त्यांनी केलं, त्यानं पहिल्याच दिवशी घड आणि गडी दोघांनाही सारख्याच वेगानं खाली आणलं. गडी शेणखतावर पडला म्हणून वाचला. भरताची भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटायचा त्रास वाचावा म्हणून त्यांनी मोटर लावून एक कुटणी केली आणि ती तपासायला माझं स्वयंपाकघर निवडलं. रेवा, ओट्यावरच्या छताला जो तपकिरी डाग आहे आणि तू लहानपणी ज्याला ढग म्हणायचीस, ते वांगं आहे.

आता नळाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्या नळातून निघालं.

नानांच्या बोअरला पाणी भरपूर होतं. त्यांनी कुंपणाच्या बाहेर गल्लीसाठी एक नळ काढून दिला. एका उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या ओव्हरसियरसाहेबांनी त्या नळाला आपली पाइप जोडली, मग पाइप कुणी काढू नये म्हणून छोटी जाळी बसवली, आणि जाळीला कुलूप घातलं. रस्त्याची ती बाजू माझ्या हद्दीत येते, असं ते म्हणू लागले. नानांच्या पाण्याचा नळ, आणि नानांनाच तिथे पाणी मिळेना. अख्खा उन्हाळा भांडण चाललं. शेवटी ओव्हरसियरसाहेबांच्या बायकोनंच त्यांना दमात घेतलं तेव्हा जाळी निघाली.

दुसऱ्या दिवशी नानांनी नळाला स्वतःचं भलं मोठं कुलूप लावलं, आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला एकेक किल्ली वाटली. पहिली किल्ली ओव्हरसियरसाहेबांना.

मी म्हटलं, "नाना, सगळ्यांकडे किल्ली आहे तर कुलूप कशाला?"

"अक्का, कुलूप चोरनासाठे नही शे. जो मालक व्हवाले येस ना, त्यानासाठे शे."

पाणी नेणाऱ्याला अडवायचं नव्हतं. उद्या मालक व्हायला येऊन आपलं कुलूप ठोकणाऱ्याला जागा ठेवायची नव्हती. त्यांचा नियम एकच होता. पाणी कितीही न्या, पण दुसऱ्याला नळावरून हटकलं तर किल्ली परत. मी घरी येऊन आजोबांना म्हटलं, हा माणूस पूर्ण बिघडला आहे. मग माझ्या किल्लीला सुबक चिठ्ठी बांधली, तिच्यावर इंग्रजीत 'नळ, बाहेरचा' असं लिहिलं आणि ती अगदी योग्य जागी ठेवली. इतक्या योग्य जागी, की ती पुन्हा सापडली नाही. मग मी ओव्हरसियरसाहेबांची किल्ली मागून आणू लागले. ते ती देताना दर वेळी म्हणायचे, "प्राध्यापकबाई, पुन्हा?"

अशी काही वर्षं गेली. मग नानांचं एक यंत्र चक्क चाललं.

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते, म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड. ते मुळासकट उपटायचं काम फार वाईट. तळहात सोलतात, कंबर जाते. नानांनी त्यासाठी लांब दांड्याचा एक चिमटा केला. त्याच्या जबड्याची गंमत अशी की जितकं ओढाल तितकी त्याची पकड घट्ट होते, आणि झाड बाईमाणसाच्या जोरानंही उपटून येतं. ही कल्पना त्यांना माझ्या सांडशीवरून सुचली. ती सांडशी ते बघायला म्हणून घेऊन गेले ते गेलेच. तेव्हा या शोधात माझाही वाटा आहे, पण तो मी कधी फारसा बोलून दाखवला नाही. आजोबा म्हणतात रोज दाखवला.

नानांना तो चिमटा विकून मोठं व्हायचं नव्हतं. गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी तो करावा, आपापल्या भागात विकावा, एवढंच त्यांना हवं होतं. तरीही ते पेटंट काढायला निघाले. मला ते विसंगत वाटलं आणि मी माझ्या वर्गातल्या आवाजात समजावलं, "नाना, द्यायचंच आहे तर पेपरात नकाशा छापा आणि मोकळे व्हा. पेटंट म्हणजे सरकारनं तुम्हाला दिलेलं कुलूप. तुमच्या परवानगीशिवाय कुणी ते यंत्र करायचं नाही. उदार माणसाला हे शोभत नाही."

"छापतो ना," नाना म्हणाले. "चिमटा मोकळा झाला. पण उद्या कुणी त्याला काहीतरी जोडलं, त्या जोडावर स्वतःचं पेटंट घेतलं आणि आपल्या पोरांना म्हटलं, निघा बाहेर. मंग मन्हा हातमा काय ऱ्हाई? पेपरनं कात्रन."

"असं कोण करेल?"

त्यांनी नुसतं कोपऱ्यावरच्या घराकडे पाहिलं.

पेटंट मिळालं, आणि ते लोकांना देण्याचा मजकूर मी इंग्रजीत लिहावा असं ठरलं. मी त्या कामावर एक आठवडा घालवला. पहिलं वाक्यच पानभर होतं. त्यात 'ज्याअर्थी', 'त्याअर्थी', 'उपरोक्त' सगळं आलं होतं. नाना म्हणाले, "एका दमात वाचा." मी वाचायला लागले आणि निम्म्यात मला खोकला आला. "तुम्हालाच दम लागला, तर वाचणाऱ्याला कुलूप दिसायच्या आत तो झोपून जाईल," असं म्हणून त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला आपला मजकूर मराठीत सांगितला.

हा चिमटा कुणीही करावा, विकावा. त्यासाठी आमच्याकडून एक किल्ली घ्यावी. ज्याने दुसऱ्या किल्लीवाल्याला या चिमट्यावरून कोर्ट दाखवलं, त्याची किल्ली संपली.

किल्ली म्हणजे खरोखरची किल्ली, आणि तीही आमच्या गल्लीतल्या नळाची. प्रत्येक परवानगीपत्राला दोऱ्यानं ती बांधलेली असायची. मी म्हटलं, अमळनेरचा किंवा धुळ्याचा वेल्डर जळगावच्या नळाची किल्ली घेऊन करेल काय? "इकडं आला तर पाणी पील," नाना म्हणाले.

खरा वाद 'कोर्ट दाखवलं' यावर झाला. मी म्हटलं, हे इंग्रजीत येत नाही. 'दावा दाखल केला' असं लिहू, ते स्वच्छ आहे. नाना ऐकेनात. "दाखल केला नही, दाखवलं. आमच्याकडे माणूस कोर्टात जात नाही, नुसतं कोर्ट दाखवतो. तेवढ्यानंच समोरचा मरतो." शेवटी मी शब्दाला शब्द ठेवून 'शोज कोर्ट' असं लिहिलं. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं असतं. मजकुरात कुठेही माझं नाव येऊ नये, एवढी अट मात्र मी घालून घेतली.

किल्ल्या गेल्या. पहूरला गेली, धरणगावला गेली, अमळनेरला गेली. धुळ्याचे शकीलभाई स्वतः येऊन घेऊन गेले. त्यांचं तिथं वेल्डिंगचं छोटं दुकान होतं, वडिलांपासूनचं. जाताना त्यांनी नळ उघडून पाणीही पिऊन पाहिलं. "चालते, नाना," म्हणाले. मग बाहेरगावच्या अवजारांच्या एका मोठ्या कंपनीचंही पत्र आलं. त्यांनाही किल्ली गेली. मला तर फार अभिमान वाटला, कारण त्यांच्या पत्रात एकही चूक नव्हती.

कंपनीनं चिमट्याला रंग दिला, खाली छोटं चाक लावलं म्हणजे तो सरीतून ढकलत नेता येईल, आणि त्या चाकाच्या जोडणीचं स्वतःचं पेटंट घेतलं. इकडे शकीलभाईंनाही चाकाची कल्पना सुचली होती. त्यांनी लहान मुलांच्या मोडक्या तीनचाकी सायकलींची पिवळी चाकं लावली होती. लोकांना ती आवडली.

एक दिवस शकीलभाई सकाळच्या एसटीनं आले. प्लास्टिकच्या पिशवीत एक लिफाफा होता.

"मॅडम, जरा वाचून सांगा. वकीलकडे गेलो तर तो पहिले घाबरवतो, मग सांगतो."

ती कंपनीची नोटीस होती. इंग्रजी इतकं रेखीव, की मी वाचताना एका अर्धविरामापाशी थांबून "वा" म्हटलं. शकीलभाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"चांगलं आहे का?" त्यांनी आशेनं विचारलं.

तेव्हा कुठे मी अर्थाकडे वळले. चाकाचे चिमटे करणं आणि विकणं ताबडतोब थांबवा, तयार माल आमच्या ताब्यात द्या, नाहीतर कोर्टात खेचू. मी हे मराठीत सांगितलं. शकीलभाई पिशवीची घडी घालू लागले. मग म्हणाले, "सगळा माल चाकाचाच आहे, मॅडम. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पऱ्हाटी उभी आहे तोपर्यंतच चिमटा खपतो. नंतर त्याला कोण विचारणार? हा हंगाम गेला तर वडिलांचं दुकान मी बंद केलं असं होईल."

आम्ही नानांकडे गेलो. नानांनी नोटीस उलटीसुलटी पाहिली, वर्नियरनं कागदाची जाडी मोजली आणि एवढंच म्हणाले, "कागद चांगला शे." मग मला कंपनीला पत्र लिहायला लावलं, दोन ओळींचं. तुम्ही किल्लीवाल्याला कोर्ट दाखवलं. किल्ली परत करा.

या दोन ओळींचं कुणी हसं करेल असं मला वाटलं होतं. पण कंपनीचे एक अधिकारी आणि वकील स्वतः जळगावला येतो म्हणाले. आदल्या संध्याकाळी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. जुडगा मांडीवर होता, आणि तो वाजू नये म्हणून त्यांनी मुठीत धरला होता.

"अक्का, ते हटले नाहीत तर मला खरंच कोर्टात जावं लागंल. शकीलसाठी जाईन. पण मी आजपर्यंत कुणाची किल्ली परत घेतली नाही. ओव्हरसियरचीसुद्धा नाही. कसं मागतात ते मला ठाऊक नाही."

त्या माणसाला घाबरलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं. मी धीर द्यायला एक इंग्रजी म्हण सांगितली. त्यांना ती कळली नाही, त्यामुळे थोडा फायदा झाला.

दुसऱ्या दिवशी नानांच्या अंगणात बैठक बसली. नाना, शकीलभाई, आम्ही दोघं, आणि समोर पाहुणे. वकील टाय लावून आले होते. फेब्रुवारीतलं आमचं ऊन त्यांना कुणी सांगितलं नसावं.

"मूळ मुद्दाच चुकतो आहे," वकील शांतपणे म्हणाले. "आम्ही दावा दाखल केलेलाच नाही. ही नुसती नोटीस आहे. तेव्हा तुमची अट लागू होत नाही."

"वाचा, अक्का," नाना म्हणाले.

मी वाचलं. 'शोज कोर्ट' आलं तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला.

"हे इंग्रजी कुणी लिहिलंय?" वकिलांनी विचारलं.

तुमच्या आजोबांनी तत्परतेनं माझ्याकडे बोट दाखवलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं तिनं, अशी माहितीही दिली.

"शकील," नाना म्हणाले, "यांनी तुला कोर्ट दाखवलं का नाही? तुला दिसलं का?"

"दिसलं ना, नाना. रोज झोपेत दिसतं."

वकिलांनी मजकूर मागून घेतला. आधी इंग्रजी वाचला, मग मराठी, मग पुन्हा इंग्रजी. मी लिहिलेलं इतकं लक्षपूर्वक आजवर कुणी वाचलं नसेल. माझं सुंदर 'दावा दाखल केला' तिथे असतं तर ते एव्हाना उठून गाडीत बसले असते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते अधिकाऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाले, पण अंगण लहान असल्यानं सगळ्यांना ऐकू आलं, "जबडा यांचा आहे. परवानगी संपली तर आपल्याला चिमटाच विकता येणार नाही. उरतं नुसतं चाक."

"किल्ली आणली का?" नानांनी विचारलं.

अधिकारी गोंधळले. "ती भेटवस्तू होती ना? ती ऑफिसात शोकेसमध्ये ठेवली आहे."

"शोकेसमा?" नाना म्हणाले. त्या दिवशी त्यांना खरा राग आला तो या एका गोष्टीचा. "अहो, ती नळाची शे."

शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय. नाना म्हणाले, शकीलचं चाक फिरू द्या, आणि तुमच्या चाकाचीही किल्ली काढून सगळ्या किल्लीवाल्यांना द्या. अधिकारी फोन घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली गेले. ते तिथे इतका वेळ बोलत होते, की तोवर आम्ही पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजून हातांनी कुटून भरीत केलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीही झाल्या. शकीलभाईंनी ताटाला हात लावला नाही. निंबाकडे तोंड करून बसले होते.

अधिकारी परत आले आणि म्हणाले, "ठीक आहे. नोटीस मागे घेतो. चाकाचंही लिहून देतो."

शकीलभाईंनी आधी नानांकडे पाहिलं, मग ताट ओढून घेतलं. वकिलांनी जागेवर बसून दोन्ही कागद लिहिले. या वेळी नानांनी कागद मोजायला वर्नियर काढली नाही, तेव्हा मला कळलं की त्यांचंही ओझं उतरलं. मग त्यांनी जुडग्यातून एक नवी किल्ली काढून वकिलांपुढे धरली.

"आमची तर परत घेणार होतात," वकील म्हणाले.

"ती संपली. ही दुसरी. पण आधी नळ उघडून दाखवा."

वकील बाहेर जाऊन वाकले, कुलूप काढलं, ओंजळीनं पाणी प्यायले. टाय भिजला. कोपऱ्यावरून ओव्हरसियरसाहेब बघत होते. ते ओरडून म्हणाले, "कुलूप लावा परत. नानांचा नियम आहे."

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. शकीलभाईंचं दुकान चालू आहे, चाकं अजून पिवळीच असतात. जायच्या थोडं आधी नानांनी मला आणि शकीलभाईंना बोलावून पेटंट आमच्या दोघांच्या नावे करायचे कागद पुढे केले. मी म्हटलं, नाना, मला तो चिमटा उचलतासुद्धा येत नाही. "उचलायला शकील शे," ते म्हणाले. "पण पेटंट दर वर्षी फी भरून जिवंत ठेवावं लागतं. आम्ही लोखंडवाले बठ्ठा तारखा विसरतो, सगळ्याच. तुम्ही बरण्यांवर चिठ्ठ्या लावता." माझ्या व्यवस्थितपणाचं आयुष्यात कुणी केलेलं हे एकमेव कौतुक. तारखेची चिठ्ठी मी फ्रिजवर लावली आहे. फ्रिजला कुलूप नाही, अजून तरी नाही.

तर ईशान, तुमच्या कंपनीचं मला कळलं. कुलूप कसं लावलं ते तू नीट सांगितलंस, पण किल्ल्या कुणाकुणाला दिल्या ते राहिलं. आणि तुमच्या मजकुरात 'दाखल' लिहिलंय की 'दाखवलं', तेही एकदा बघून घे.

आता थांबते. टाकीचं पाणी संपलंय. बाहेरचा नळ आहे, त्याचं कुलूप कागदोपत्री नसलं तरी मनानं आता माझंच आहे. माझी किल्ली अजून त्या योग्य जागीच आहे. ओव्हरसियरसाहेबांकडे जाऊन मागून आणते.